पौलाशी अबोला

शांतवन सर गेल्या पावसाळ्यापासून पौलाशी बोलत नाहीत.

हे मला पहिल्यांदा कळलं ते साकोलीच्या बसस्टँडजवळच्या चहाटपरीवर. मी तेव्हा नुकतीच बदली होऊन इथल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले होते. सरांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. टपरीवाल्या गजाननभाऊंनी चहाचा ग्लास पुढे करता करता आवाज खाली आणला.

"मॅडम, तुमी सरांच्याच घरी राहता ना? त्या पौलभाऊचं काही मिटलं काय?"

"कोण पौलभाऊ?"

"सरांचा साळा असन. लय बिनसलं म्हंतात. सर परवा इथीच बसून बोलत होते, ज्या माणसानं याले चार लोकांत उभं केलं, त्याच्याच तोंडाले हा लागला म्हणून. जमिनीचं असन, दुसरं काय राहते!"

मी घरी आले ती मनाशी ठरवूनच, की या घरगुती भानगडीत आपण पडायचं नाही. पण सकाळी अंगणात ब्रश करत उभी होते, तर सर व्हरांड्यात जाड भिंगाचा चष्मा लावून मोठ्यानं वाचत बसलेले. शास्त्र वाचत होते. ख्रिस्ती माणसं आपल्या पवित्र ग्रंथाला शास्त्र म्हणतात, एवढं मला तोवर कळलं होतं. वाचता वाचता ते एकदम थांबले, पानांचा एक जाड गठ्ठा दोन बोटांत धरला आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकावा तसा उलटून टाकला.

"काय झालं सर?"

"पौलाची पत्रं आली."

"मग वाचा ना."

"वाचत नाही. बोलून नाही राहिलो मी त्याच्याशी."

मी तोंडातला फेस टाकला आणि न राहवून विचारलं, "सर, हे पौल तुमचे कोण लागतात?"

सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बत्तीस-तेहतीस वर्षं पोरांना इतिहास शिकवलेला माणूस. पोरानं अशोकाला अकबराचा बाप केलं की जी नजर व्हायची, तीच नजर.

"दोन हजार वर्षं झाली त्याले मरून," ते म्हणाले. "पण माणूस मेला म्हणून त्याची चूक मरत नाही. नोंद घे."

'नोंद घे' हा सरांचा तकियाकलाम. दुसरा म्हणजे, 'यात माझं काही नाही, जसं झालं तसं सांगून राहिलो.' हे वाक्य आलं की समजावं, आता जे येणार त्यात सगळं सरांचंच आहे.

आमचं घर दिघोरीचं, बौद्ध. माझ्या लहानपणी ख्रिस्ती म्हणजे नाताळचा कागदी तारा आणि केक, यापलीकडे माझी मजल नव्हती. त्यामुळे सरांना मी आयतीच सापडले. मुलगी नागपूरला, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, गावात ख्रिस्ती घरं इनमिन चार-दोन, आणि शाळा सुटलेली. शिकवायला कोणी नाही अशा मास्तराच्या घरात भाडेकरू म्हणून जाणं म्हणजे काय असतं, ते मी सांगते. दिवाळीपासून होळीपर्यंत माकडटोपी घातलेला एक उंच, सडसडीत माणूस हातात चहाचा कप घेऊन तुमच्या दारात उभा राहतो आणि म्हणतो, "काल आपण स्तेफनाले दगड मारेपर्यंत आलो होतो."

पण मला आवडायचं. दिवसभर गाईंच्या पोटात हात घालून आल्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी गावाची गोष्ट ऐकावीशी वाटते. सर सांगायचेही असं, की जणू सगळी मंडळी साकोली-लाखनीच्या पट्ट्यातलीच.

"हे पाहा," सर म्हणायचे, "एक सुतार होता. गरिबांत राहिला, आजाऱ्यांले हात लावला, मोठ्या लोकांले पटेना असं बोलला. त्याले खांबावर ठोकून मारलं. इथवर कोणाचं काही भांडण नाही. आता पुढं आमचं म्हणणं असं, की तो तिसऱ्या दिवशी उठला. हे खरं की खोटं, ते तू ठरव. मी इतिहासाचा माणूस, मी फक्त एवढं पाहतो, की त्याचे चेले भीतीनं दाराले कडी लावून बसले होते. अन् मग तेच चेले कडी काढून बाहेर आले, भर बाजारात बोलू लागले, मार खाऊ लागले. कडी कशानं निघाली? हा माझा विषय. यात माझं काही नाही, जसं झालं तसं सांगून राहिलो."

"आणि तो उठला हे पहिल्यांदा पाहिलं कोणी?"

"बायांनी. अन् माणसांनी काय म्हटलं असन?"

"काय?"

"बाया बडबडून राहिल्या म्हटलं. मग धावत गेले पाहायले. दोन हजार वर्षांत काही फरक पडला काय, सांग."

मला थोमा फार आवडला. हा चेला म्हणाला होता, मी जखमांत बोट घालून पाहीन, तेव्हाच मानीन. मी म्हटलं, हा आमच्यातला वाटतो. सर खूश झाले. म्हणाले, तो तर आपल्या देशात आला असं दक्षिणेकडचे लोक सांगतात, केरळापासून मद्रासपर्यंत फिरला.

"विदर्भात नाही आला?"

"नाही. काहून नाही आला, ते मले मात्र ठाऊक नाही," सर खरोखरच खंतावून म्हणाले. जसं काही त्याच्यासाठी लाखोरीची भाजी करून ठेवली होती आणि ती वाया गेली.

एकदा मी चूक केली. देव एक आणि तरी पिता, पुत्र, पवित्र आत्मा असे तीन, हे कसं काय, असं मी विचारलं. आणि वर मीच मदत करायला गेले. "म्हणजे सर, पाणी, बर्फ आणि वाफ, तसं का?"

सरांनी टाळी वाजवली. "सापडली! सापडली! हेच बोलला म्हणून तिसऱ्या शतकात एका माणसाले मंडळीतून बाहेर काढलं होतं!"

"अहो, मी सोपं करून..."

"सोपं करायले गेले तेवढे सगळे बाहेर गेले. नोंद घे. जो म्हणते मी तुले त्रैक्य समजावून देतो, त्याच्या जवळ थांबायचं नाही. पुढं तर एका अक्षरावरून, आपल्या वेलांटीएवढ्या खुणेवरून, पुत्र पित्यासारखा की पित्याच्याच तत्त्वाचा, यावर वर्षानुवर्षं भांडले. निकयाच्या सभेत बिशप लोक गाड्या करून आले होते. खर्च बादशहाचा. कॉन्स्टंटाईनसाहेबाचा." रोमचा जो बादशहा ख्रिस्ती लोकांना पहिल्यांदा मोकळीक देतो, त्याला सर नेहमी 'साहेब' म्हणतात, आणि त्यात आदर फार नसतो. "साहेबानं स्वतः बाप्तिस्मा घेतला मरायले टेकल्यावर. तोपर्यंत नुसतं उद्घाटन."

माझे बाबा एकदा दिघोरीहून तांदूळ घेऊन आले आणि दोन दिवस राहिले. सरांशी त्यांची गाठ पडली आणि मला वाटलं, आता काही खरं नाही. बाबा ऐकून घेणाऱ्यातले नाहीत. पण झालं भलतंच. बाबा म्हणाले, भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर आमच्याही संगीती भरल्या, भिक्खू जमले, कोणी काय ऐकलं ते म्हणून दाखवलं, आणि नियमांवरून वादही झाले. सर पुढे सरकले. "कशावरून?" "मीठ जवळ साठवून ठेवावं की नाही, यावरून." सरांनी मांडीवर थाप मारली. "आमचं पहिलं भांडण कशावरून, माहीत आहे? देवावरून नाही! जेवणाच्या वाटपावरून! एका भाषेच्या विधवांले कमी वाढून राहिले म्हणून!" मग दोघं म्हातारे कोणाचे शिष्य जास्त भांडखोर होते यावर जेवणापर्यंत वाद घालत बसले, आणि प्रत्येक जण आपलेच जास्त होते असं ठासून सांगत होता.

जाताना बाबा मला म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण त्या पौलावर एवढा काहून चिडते?"

तेच मलाही कळत नव्हतं. कारण पौलाची गोष्ट सरांनीच मला सांगितली होती, आणि रंगवून सांगितली होती. हा आधी ख्रिस्ती लोकांना घरातून ओढून काढणारा माणूस. दिमिष्क शहराला जाताना वाटेत, सरांच्या भाषेत 'हायवेवर', उजेड पडून खाली कोसळला आणि बदलला. पण यरुशलेमात त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? सगळे घाबरले. तेव्हा बर्णबा नावाचा एक मोठ्या मनाचा माणूस त्याचा हात धरून सगळ्यांसमोर घेऊन गेला. म्हणाला, याची हमी माझी. पुढे ते दोघं मिळून गावोगाव फिरले. सोबत मार्क नावाचा तरुण होता, बर्णबाचा नातलग. हा मार्क अर्ध्या वाटेतच त्यांना टाकून घरी परतला. काहून, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

"अन् मग पुढच्या खेपेस बर्णबा म्हणते, मार्कले घेऊ," सर इथे नेहमी उभे राहायचे. "पौल म्हणते, नाही. वाटेत टाकून जाणारा मले नको. अरे! तुले कोणी घेतलं होतं? तू तर लोकांच्या घरात शिरत होता! तुझी हमी कोणी घेतली? बर्णबानं! अन् त्याच बर्णबाशी तू एका पोरावरून भांडला, अन् दोघं दोन दिशेले गेले. तो पोरगा तिथी उभा असन. दोन मोठी माणसं त्याच्यावरून भांडून राहिली, अन् तो जमिनीकडे पाहून राहिला असन!"

"पण सर, पौलाचंही बरोबर असेल. काम मोठं होतं."

"काम!" सर म्हणायचे. "हा बोलायले बसला की थांबत नव्हता. त्याचं भाषण ऐकता ऐकता एक पोरगा झोपला अन् तिसऱ्या माळ्याच्या खिडकीतून खाली पडला. ते आहे शास्त्रात. यात माझं काही नाही."

"तो मेला?"

"नाही, पौलानंच उठवला," सर नाइलाजानं कबूल करायचे. "अन् वर जाऊन पुन्हा बोलत बसला."

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला लागली होती. सर सगळं सांगत. चमत्कार, छळ, वाद, माशाच्या चित्राची गुप्त खूण, ख्रिस्ती हे नाव लोकांनी चिडवायला ठेवलं होतं हे, सगळं. पण क्षमेचं आलं, की ते चहा ठेवायला उठायचे. हा तर त्यांच्या धर्माचा गाभा. मी मुद्दाम विचारून पाहिलं. सर उठले. चहा आमचा नुकताच झाला होता.

डिसेंबर लागला आणि मला गोसीखुर्दच्या बाजूला एका पुनर्वसन वसाहतीत शेळ्यांच्या लसीकरणासाठी जायचं होतं. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची ती नवी वसाहत. मी हे सरांना सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढते तर सर माकडटोपी घालून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे.

"मलेही ने. पाणी पाहायचं आहे."

"धरणाचं?"

"पेत्र मासे मारत होता ना सरोवरात. एवढ्या वर्षांत सरोवर म्हणून मी तलावच दाखवले पोट्ट्यांले. मोठं पाणी पाहून घेतो."

वाटेत सर बोलले नाहीत. साकोली सोडल्यापासून एक वाक्य नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मी म्हटलं, "सर, आज कोणाचा अबोला?" तर नुसतं हसले आणि खिडकीबाहेर धानाच्या कापलेल्या बांध्या पाहत राहिले.

शिबिरात मात्र ते खुलले. शेळ्या धरायला माणसं कमी होती, तर सरांनी बाह्या सरसावल्या. एक शेळी त्यांच्या सदऱ्याचा कोपरा चघळायला लागली. सर तिला म्हणाले, "खा बाई, खा. शेवटच्या न्यायाच्या दिवशी मेंढरं उजवीकडं अन् शेळ्या डावीकडं, असं आमच्या शास्त्रात लिहिलं आहे. मले ते कधी पटलं नाही. तुमचा काय गुन्हा?" शेळीवाल्या बाया एकमेकींकडे पाहून पदरात हसत होत्या.

दुपारी काम आटोपलं आणि आम्ही पाण्यावर गेलो. काठावर एक म्हातारी ढीवरीण जाळं वाळत घालत होती. सरांनी तिला रामराम घातला आणि पाचव्या मिनिटाला पेत्र सुरू केला. कसा तो मासे मारायचा, कसं त्या सुताराच्या सांगण्यावरून त्याला नाव बुडेल इतके मासे लागले, आणि कसा तो जाळं तिथेच टाकून त्याच्या मागे निघून गेला.

म्हातारीनं सगळं ऐकलं. जाळ्यातली एक काटकी काढली.

"त्याले बायको होती काय?"

"होती. सासूही होती. तिचा ताप उतरवला येशूनं."

"मंग ती काय बोलली? नवरा जाळं टाकून गेला तर?"

"ते... लिहिलं नाही तिथं. पण पुढं ती त्याच्यासंगं फिरत होती, गावोगावी. ते एका पत्रात आलं आहे."

"कोनाच्या पत्रात?"

सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरेना. म्हातारी वाट पाहत होती.

"पौलाच्या," सर पुटपुटले.

"कोन पौल?"

"आहे एक."

"बरं केलं मंग, तिले संगं नेलं," म्हातारी म्हणाली आणि जाळं झटकलं. "एकटा माणूस लय किरकिरा होते."

सर पाण्याकडे वळले. मग तिकडेच पाहत, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "मावशी, इथी कोणी मनोहर साळवे राहते काय?"

"ढोलकीवाला? राहते ना. शाळेच्या मागच्या गल्लीत. बायको गेली त्याची पावसाळ्यात. एकटाच आहे आता."

"हाव. ते माहीत आहे मले," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. सर काठाला रचलेल्या दगडांवर बसले, टोपी काढली आणि हातात धरली. मग त्यांनी सांगितलं. या वेळी 'यात माझं काही नाही' म्हणाले नाहीत.

मनोहर त्यांचा धाकटा भाऊ. वडील प्रचारक होते, ख्रिस्ती कीर्तन करायचे, भजनं स्वतः रचायचे. वडिलांनंतर दोघा भावांनी ते चालवलं. डिसेंबरात गावोगाव फिरायचं, शांतवननं गायचं, मनोहरनं ढोलकी धरायची. एका साली लाखांदूरकडे फेरी अर्ध्यावर आली असताना मनोहर सकाळी उठून निघून गेला. झाडीपट्टीत तेव्हा नाटकांचा हंगाम सुरू होता. एका नाटक कंपनीला ढोलकीवाला पाहिजे होता. त्या संध्याकाळी शांतवन भरल्या मांडवात ढोलकीशिवाय गायला उभे राहिले, ताल सुटला, आणि लोक हसले.

"हंगाम संपल्यावर आला तो परत. दारात उभा राहिला. दादा, चुकलं म्हणे, पुढल्या फेरीले घे मले. आईनं लय विनवलं. मी म्हटलं..." सरांनी हातातली टोपी उलटी केली. "काय म्हटलं असन, ते तुले ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. ते वाक्य मी इतके दिवस पौलाच्या नावावर ऐकत आले होते.

"मग तो बायकोच्या गावी राहायले गेला. मग ते गाव पाण्यात गेलं, अन् हे झालं. मी आईच्या मयतीत पाहिलं त्याले, दुरून. पावसाळ्यात निरोप आला, वसुधा गेली म्हणून. पिशवी भरली होती मी. निघालो नाही."

यरुशलेमापासून रोमपर्यंतचा प्रत्येक थांबा पाठ असलेला हा माणूस. आपल्याच जिल्ह्यातल्या या वसाहतीपर्यंत त्याला येता आलं नव्हतं.

"चला सर," मी म्हटलं. "शाळेच्या मागची गल्ली."

"उशीर झाला असन तुले. साकोलीले पोचायचं आहे."

"सर, ऊन आहे अजून."

वसाहतीतल्या गल्ल्या पट्टीनं आखल्यासारख्या सरळ होत्या, घरं एकसारखी. मनोहरकाकांचं घर शोधावं लागलं नाही. ओट्यावर सरांचाच थोडा बुटका, थोडा जाड नमुना बसला होता आणि सुपात लाखोरीची भाजी निवडत होता. आम्ही समोर उभे राहिलो तरी त्यांनी मान वर केली नाही. "शेळ्यांचं शिबिर शाळेत आहे," एवढं म्हणाले.

"शेळी नाही. मी आहो."

काकांचे हात थांबले. त्यांनी वर पाहिलं. मग सूप बाजूला सरकवून ओट्यावर जागा केली.

"बसा. चहा ठेवतो. दूध नाही पण."

"चालते. मले आता साखरही नाही चालत."

"मलेही."

चहा झाला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. दोघंही तो मन लावून पीत होते, जणू त्यात काहीतरी शोधायचं होतं. गुडघ्यांचं झालं. इथल्या डासांचं झालं. मी कोण, तेही झालं. मग सर म्हणाले, "वसुधाच्या वेळेस मी यायले पाहिजे होतं."

काकांनी कप उलटा करून ठेवला.

"दादा, त्या साली मी..."

"थांब," सर म्हणाले. "तू नको बोलू. माझ्या कामाचं ऐक आधी. नाताळात साकोलीले घरोघर फिरायचं म्हणून राहिलो. चार-दोनच घरं आहेत, पण फिरायचं. बाबांची भजनं म्हणायची. ढोलकीले माणूस नाही माझ्याजवळ."

"मोबाईलवर लावा ना. आजकाल सगळं भेटते."

"ते सगळं बरोबर ताल धरते रे. माझ्यासंगं चुकणारा पाहिजे."

काकांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले. बोटं पेरांपाशी वाकली होती. "हे पाहा. राहिलं काय यात?"

"माझ्या गळ्यात तरी काय राहिलं? ये म्हटलं ना. मले तू पाहिजे."

हे शेवटचं वाक्य सर इतक्या हळू बोलले, की मला वाटलं काकांना ऐकू गेलं नसेल. पण ते उठले. आत गेले. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला, मग बऱ्याच वेळानं ते कापडात गुंडाळलेली ढोलकी घेऊन बाहेर आले. दोऱ्या ओढून पाहिल्या. एक थाप मारली, कान लावला, तोंड वाकडं केलं, पुन्हा ओढल्या.

"कोणतं?"

"बाबांचं. बांधीचं."

वडिलांनी रचलेलं ते भजन मी पहिल्यांदा ऐकत होते. बेथलेहेमच्या बांधीवर मेंढरं राखणारे लोक थंडीत शेकोटी करून बसले आहेत, दहिवर पडतं आहे, आणि आभाळ एकदम उजळतं. येशू जणू धानाच्या कुटारात, भुश्यात जन्मला होता. सरांचा आवाज खरंच राहिला नव्हता. वरच्या सुराला तो फाटायचा. काकांची वाकडी बोटं कधी चामड्यावर, कधी लाकडावर पडायची. शेजारची दोन-तीन माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. कोणी हसलं नाही.

तिसऱ्या कडव्याशी सर अडकले.

एकेका सालाचं, एकेका अक्षराचं भांडण पाठ असलेल्या माणसाला बापाच्या भजनाची ओळ आठवेना. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवून पाहिले, हवेत हात फिरवला. ओळ काही येईना. मी काकांकडे पाहिलं. त्यांना शब्द येत असावेत, पण ते बोलले नाहीत. सरांकडे त्यांनी पाहिलंही नाही. मान खाली घालून, लय जराशी हळू करून, तोच ठेका ते वाजवत राहिले. ओळ येईपर्यंत वाजवत राहिले.